भुयार काढून टाक

प्रिय पोरी,

तुझ्या फिल्मचा नवा मसुदा काल रात्री वाचला. आत्या माजघरात शिरते आणि थेट माळ्यावरून खाली उतरते, हे पहिल्या मसुद्यात वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आता तू मध्ये शेजारचे आजोबा आणून बसवलेस आणि ते वाड्याखालच्या भुयाराची हकिगत सांगतात. का, तर कार्यशाळेत कुणीतरी विचारलं, "यात लॉजिक काय?" आणि तुझी झोप उडाली.

भुयार काढून टाक.

सिनेमा तुला कळतो, त्यामुळे धीर देण्यात वेळ घालवत नाही. तू विचारलंस की त्या स्वस्तातल्या इटालियन भुताटकीच्या सिनेमांत काहीही घडतं आणि ते पटतं, मग तुझ्या फिल्ममध्ये का पटत नाही? पटत होतं. तू खुलासा द्यायला बसलीस तिथे ते मोडलं.

इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाचा 1966 चा 'ओपेरात्सिओने पाउरा' पुन्हा बघ. डॉक्टर एका माणसाच्या मागे धावतो. खोली, दार, परत तीच खोली, परत तेच दार. अंतर कमी होत जातं, शेवटी पुढच्याला गाठतो, तर तो स्वतःच! नंतर कुणीही येऊन सांगत नाही की खोल्या अशा का जोडल्या गेल्या. त्याच सिनेमातली चेंडू घेऊन फिरणारी मेलेली मुलगी खरं तर एका मुलाने केली आहे. बघणाऱ्याला ते कळत नाही, पण त्या चेहऱ्यात काहीतरी बसत नाहीये हे जाणवत राहतं. हे जाणवणं तू आजोबांच्या तोंडी चार वाक्यं घालून पुसून टाकलंस.

आता नीट ऐक, कारण इथेच नवी मुलं घसरतात. खुलासा न देणं म्हणजे ढिसाळपणा नव्हे. 1957 च्या 'ई व्हाम्पीरी'मध्ये एक तरुण बाई कॅमेऱ्यासमोर, एकही कट न घेता, म्हातारी होते. दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा, कॅमेरा बाव्हाचा. फिल्म कृष्णधवल. सुरकुत्या लाल रंगाने आधीच चेहऱ्यावर काढलेल्या. लाल प्रकाशात त्या त्वचेत विरून जातात, दिसतच नाहीत. मग प्रकाश हळूहळू लालाचा हिरवा केला की त्याच रेषा काळ्या होऊन वर येतात. नटी नुसती उभी आहे! चाळीस वर्षं दिवे लावतोय, अजूनही हा शॉट बघितला की माझे हात शिवशिवतात. असा हात ज्याचा पक्का आहे त्यालाच गप्प बसण्याचा हक्क असतो. स्वप्नात सगळं ठसठशीत दिसतं, फक्त त्याचं कारण मिळत नाही. तुझा जिना, तुझी आत्या, तिच्या हातातलं ताट, सगळं इतकं खरं दिसू दे की कारण विचारायचं सुचू नये.

आणि पैशांचं रडगाणं थांबव. अनुदान मिळालं की ग्राफिक्स करू म्हणतेस. 1965 मध्ये बाव्हाने रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत परका ग्रह उभा केला तो प्लास्टिकच्या दोन खडकांवर, असं तो स्वतः सांगायचा. बाकी सगळा धूर, आरसे आणि रंगीत दिवे. पुढे त्याला 'दियाबोलिक'साठी (1968) खरोखर मोठी रक्कम मिळाली, तर तिचा थोडाच भाग त्याने खर्च केला, असं म्हणतात. आपल्याकडे रामसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे' (1972) महाबळेश्वरात मोजकी माणसं नेऊन उरकला. धूर फार दाट आहे म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत.

दुसरा इटालियन दिग्दर्शक लुचो फुल्ची, त्याचा 'लाल्दिला' (1981) तर तुझ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. दोघं जीव घेऊन पळतात, इस्पितळाचा जिना उतरतात आणि पोचतात कुठे? हॉटेलच्या तळघरात. इस्पितळ गावात दुसरीकडे आहे. तिथून पुढे जातात ते एका चित्रातल्या ओसाड माळावर. भुयार नाही, आजोबा नाहीत. अमेरिकेत 1983 मध्ये हाच सिनेमा कापून, संगीत बदलून, दुसऱ्या नावाने लावला. आज लोक शोधून बघतात तो मूळचा.

माझं म्हणशील तर मीही एकदा दिग्दर्शन केलं. माझ्या फिल्ममध्ये एक मुलगा विहिरीत वाकून बघतो आणि वरून कुणीतरी त्याच्याकडे वाकून बघत असतं. निर्मात्याने मला न सांगता एक डॉक्टर आणून त्या मुलाला मानसिक धक्का बसल्याचं वदवून घेतलं. मी नाव काढून घेतलं. नंतर मला कुणी दिग्दर्शन दिलं नाही आणि माझी मूळ प्रत आज कुठे आहे हे मला ठाऊक नाही. ते मनाला लागतं, रोज लागतं. लोक म्हणतात, एका सीनसाठी एवढं? हो, एवढं. कारण त्या एका सीनमुळे विहीर नुसती विहीर झाली. आज पुन्हा तीच वेळ आली तरी मी नाव काढून घेईन. तू मात्र कुणी न सांगता स्वतःच्या हाताने तो डॉक्टर आणतेयस, म्हणून एवढा चिडलोय.

एक काम कर. त्या इटालियन सिनेमांत आवाज सेटवर घेतच नसत. एक नट इंग्रजीत, दुसरा इटालियनमध्ये बोलायचा आणि सगळं नंतर डबिंगला भरलं जायचं. म्हणून आवाज ओठांपासून किंचित सुटलेला वाटतो, माणूस समोर आणि बोलणं भलतीकडून. तुझ्या आत्याचे संवाद असेच घे. सेटवर पायलट साउंड, म्हणजे नंतर जुळवण्यापुरता कच्चा आवाज, असू दे, पण खरा आवाज नंतर स्टुडिओत, माइकच्या अगदी जवळून. त्यावर वाड्याचा घुमारा चढवू नकोस. बाई माळ्याच्या टोकाला, आवाज कानाशी. माजघरात शिरतानाची आणि माळ्यावरून उतरतानाची तिची चाल एकाच वेगाची ठेव, ताट त्याच हातात, पदर तसाच. कंटिन्यूइटी, म्हणजे दोन्ही शॉटमध्ये सगळं तसंच आहे ना हे, बघायला एक माणूस फक्त एवढ्यासाठी उभा कर.

दिवे लावायला मी येतो. दिवे माझ्याकडे आहेत, दिव्यांवर लावायचे रंगीत जिलेटिन पेपर तू आण, हिरवा आणि जांभळा. निळा नको, निळ्याने नुसती रात्र होते.

तुझा,
काका