गंजलेली फिरती मूठ पुन्हा मोकळी कशी करावी?

प्रश्न : आम्ही ऐरोलीत, खाडीकडे तोंड असलेल्या इमारतीत राहतो. पकडीच्या व्यायामासाठी मी फिरती मूठ वापरतो. तिच्यात पोलादी दांड्यावर जाड लोखंडी नळी सैल बसवलेली असते आणि खाली साखळीला वजनाच्या चकत्या अडकवतात. पावसाळाभर ती गॅलरीत राहिल्याने गंजली. मी तिच्यात खोबरेल सोडले. दोन दिवस ती बरी फिरली, पण आता पूर्वीपेक्षाही जड झाली आहे. ती दुरुस्त होईल की नवी घ्यावी?

उत्तर : दांड्यावर नखाला लागतील असे खोल खड्डे पडले नसतील, तर नवी घेण्याची काहीही गरज नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे दांडा आणि नळी यांमधली बारीक फट तो भरून काढतो आणि मूठ अडते. घामातले मीठ आणि खाडीची दमट हवा या दोहोंनी हे काम लवकर होते. खोबरेल थंडीत थिजते, आणि कोणतेही खाद्यतेल कालांतराने चिकट होऊन धूळ व हाताला लावायची पांढरी पावडर धरून ठेवते. आपल्याकडे बहुधा तेच झाले आहे. मल्लखांबाला एरंडेल लावतात हे खरे, पण तो लाकडी आणि स्थिर असतो. पोलादाच्या फिरत्या जोडाला ते तेल फार जाड पडते.

प्रथम मूठ पूर्ण खोला. टोकाची सर्क्लिप (खाचेत बसून भाग अडवून धरणारी कडी) किंवा पिन काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण वायसरांचा क्रम चुकला की जोडणी पुन्हा घासते. सर्व भाग खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून दूर, रॉकेलने धुवा. आत बेअरिंग असेल तर ते बाजूला काढा. पुढचे व्हिनेगरचे, म्हणजे आम्लाचे, काम त्याच्यासाठी नाही. ते धुऊनही खरखरत असेल, तर त्याच मापाचे नवे बसवावे.

दांडा आणि नळी साध्या, मुलामा नसलेल्या पोलादाची असतील तर ती व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवा आणि अधूनमधून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून पाहा. गंज सुटला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडी करा. हा टप्पा घाईने करण्यासारखा आहे, कारण ओल्या उघड्या पोलादावर बघता बघता पिवळट थर धरतो. जस्ताच्या मुलाम्याचे भाग व्हिनेगरमध्ये टाकू नका, मुलामा निघून जातो. आपल्याकडे स्प्रिंगचा हँड ग्रिपर असेल तर त्याची स्प्रिंगही आम्लात बुडवू नये. कडक पोलाद त्याने ठिसूळ होऊन दाबताना तुटू शकते.

नंतर ३२० व मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर दांड्याभोवती गुंडाळून हलकेच फिरवा. कमीत कमी घासा. दांडा बारीक झाला तर नळी डगडगते, आणि तो दोष कोणत्याही तेलाने जात नाही. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचे दोनतीन थेंब दांड्यावर पसरून जास्तीचे पुसून घ्या. बाहेरच्या पकडीवर तेल लागले असेल तर ते साबणाने काढून टाका. बोटाने ढकलल्यावर नळीने काही फेरे घेऊन हळूहळू थांबावे. मध्येच एका जागी अडली तर तिथे गंज उरला आहे असे समजावे.

ही मूठ फिरते म्हणूनच ती कठीण असते, कारण वजन नळी वळवून बोटे उघडू पाहते. अडलेली मूठ साध्या स्थिर दांड्यासारखी वागते आणि त्यावर अधिक वजन उचलता येते. शिवाय ती अडत अडत एकाएकी सुटली, तर तळहाताची घट्ट झालेली कातडी फाटते. म्हणून दुरुस्तीनंतर मूठ घरात कोरड्या जागी ठेवा, प्रत्येक व्यायामानंतर घाम पुसा, आणि पावसाळ्यापासूनचे वहीतले आकडे बाजूला ठेवून बरेच कमी वजन लावून नव्याने नोंद सुरू करा.