जमिनीचे खरेदीखत आहे, बैलांचे का नाही?

प्रश्न : आजोबांच्या दप्तरात १९०४ सालचे जमिनीचे खरेदीखत आहे, पण त्याच काळात घेतलेल्या बैलजोडीचा एकही कागद नाही. असे का?

उत्तर : १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या जमिनीच्या विक्रीसाठी नोंदणीकृत खत सक्तीचे केले. बैल ही जंगम, म्हणजे हलवता येणारी, मालमत्ता असल्याने किंमत ठरवून जनावर ताब्यात दिले की व्यवहार पुरा होई. बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगे, घेणारा ओठ उचलून जनावर दोनदाती की चारदाती, म्हणजे वयाने केवढे, हे पाही आणि मगच बैलाचा दोर हाती घेई. अशा सौद्याचा कागद क्वचितच होत असे.

आपले खत मात्र बारकाईने वाचावे. ‘ठरल्या मुदतीत रक्कम परत केल्यास जमीन परत द्यावी’ अशी अट असेल, तर ती मुदतखरेदी, म्हणजे बहुधा विक्रीच्या नावाखालचे गहाण. सावकारांचा हा आवडता मार्ग होता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून पसरलेल्या सावकारविरोधी दंग्यांत शेतकऱ्यांनी कर्जाचे कागदच जाळले, ते उगीच नव्हे. त्यानंतरच्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील अशा व्यवहारांच्या मुळाशी जाण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. शेतीला आवश्यक असलेले बैल तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनेही जप्तीतून वगळले होते, जमिनीला मात्र तसे सरसकट संरक्षण नव्हते.