टेकआउटसारखं बीफ अँड ब्रोकोली घरी का जमत नाही?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: अमेरिकेत आल्यापासून घराजवळच्या चायनीज टेकआउटमधलं बीफ अँड ब्रोकोली आवडायला लागलंय, म्हणून घरी करून पाहिलं, तर मांस वातड, ब्रोकोलीचा लगदा आणि तळाशी तपकिरी पाणी. त्यांचा सॉस नेमका कोणता, आणि अपार्टमेंटमध्ये इलेक्ट्रिक शेगडी असताना वोक (खोलगट चिनी कढई) घेण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

सॉसचं नंतर बघू, कारण घोडं तिथे अडलेलं नाही. अडलंय ते पाण्यापाशी. मांसातलं पाणी आत राहायला हवं ते बाहेर येतंय, ब्रोकोलीचं पाणी सिंकमध्ये जायला हवं ते पॅनमध्ये येतंय, आणि एवढं पाणी झटक्यात उडवून लावायची ताकद घरच्या शेगडीत नाही. हॉटेलातल्या वोकखालचा बर्नर ताशी १,००,००० बीटीयू किंवा त्याहून जास्त उष्णता देतो. घरचा बरा गॅस बर्नर १०-१५ हजारांच्या घरात. ही तफावत कुठल्याही युक्तीने भरून निघत नाही. तरी लोक आचेच्याच मागे लागतात, पॅन धूर येईपर्यंत तापवतात आणि मग स्मोक अलार्मखाली टॉवेल हलवत उभे राहतात. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं कॉइलच्या शेगडीवरच हा पदार्थ करत आलोय, आणि माझं मत असं की शेगडी चालू करण्याआधीच यातलं बहुतेक काम झालेलं असतं.

आधी मांस. दुकानात ‘स्टर-फ्राय बीफ’ म्हणून कापून ठेवलेली पाकिटं मिळतात, ती घेऊ नका. त्यात वेगवेगळ्या भागांचे उरलेसुरले तुकडे असतात आणि कुठला कसा कापलाय याचा पत्ता नसतो. स्ट्यू मीट तर अजिबातच नको, ते तास-दोन तास मंद आचेवर शिजण्यासाठी असतं. फ्लँक स्टेक घ्या. हा जनावराच्या पोटाकडचा चपटा, लांबट स्नायू. महाग वाटला तर सर्लोइन किंवा फ्लॅप मीटही चालतं, पण फ्लँकचा फायदा हा की त्याचे धागे डोळ्यांना स्पष्ट दिसतात.

हे धागेच महत्त्वाचे. अर्धा किलोच्या आसपासचा तुकडा अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा. दगड व्हायला नको, बोटाने दाबल्यावर बाहेरून कडक आणि आतून किंचित लवचीक लागला पाहिजे. मऊ मांसावर सुरी घसरते आणि एक काप पातळ, एक जाड असं होतं. आता तुकडा पाटावर आडवा ठेवून बघा: धागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर गेलेले दिसतील. पहिल्यांदा धाग्यांच्या दिशेनेच कापून दोन इंच रुंदीच्या लांब पट्ट्या करा. मग एकेक पट्टी वळवून घ्या आणि धाग्यांना आडवं, सुरी जराशी तिरकी धरून, ३-४ मिलिमीटर जाडीचे काप काढा. काप उचलून दोन्ही बाजूंनी हलकेच ताणा. तो सहज सुटायला लागला तर बरोबर कापलंय. रबरासारखा ताणला गेला तर धागे उभे राहिलेत, आणि मग जगातला कुठलाही सॉस त्या कापाला मऊ करणार नाही.

आता जे हॉटेलवाले करतात आणि घरी बहुतेक जण करत नाहीत ते. अर्ध्या किलो मांसाला अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि दोन मोठे चमचे पाणी चोळून १५-२० मिनिटं ठेवा. हरभरे मऊ व्हावेत म्हणून आपण चिमूटभर सोडा टाकतो, तसलाच हा प्रकार, फक्त इथे काम प्रथिनांवर होतं. सोड्याने मांसाच्या पृष्ठभागाचा सामू वाढतो, त्यामुळे तापल्यावर प्रथिनं एकमेकांना फार घट्ट आवळून धरत नाहीत आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढत नाहीत. शिवाय अल्कधर्मी पृष्ठभागावर तपकिरी रंग लवकर चढतो, म्हणजे कमी आचेची थोडी भरपाईही होते. सोडा ‘अजून थोडा’ म्हणून वाढवू नका, साबणासारखी चव येते. वेळ झाली की मांस चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवा, मूठ-मूठ घेऊन पिळा आणि पेपर टॉवेलने टिपून घ्या. मांस धुतल्यावर सिंक मात्र साबणाने घासायला विसरू नका.

मग त्याला एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन), एक मोठा चमचा कॉर्नस्टार्च आणि शेवटी एक मोठा चमचा तेल लावा. कॉर्नस्टार्चचा पातळ लेप तयार होतो, तो रस अडवतो आणि पुढे सॉसला धरून ठेवतो. तेलामुळे काप पॅनमध्ये एकमेकांना चिकटत नाहीत. भारतात आपण ज्याला कॉर्नफ्लोर म्हणतो तेच हे पांढरंशुभ्र पीठ. अमेरिकेत कॉर्नफ्लोर मागितलंत तर मक्याचं पिवळं पीठ हातात पडू शकतं, तेव्हा डब्यावर कॉर्नस्टार्च लिहिलंय ना ते बघा. शाओशिंग नसेल तर ड्राय शेरी चालते. दारू नकोच असेल तर चिकनचा स्टॉक घाला, थोडी चव कमी होईल, पदार्थ बिघडणार नाही.

ब्रोकोली वेगळी शिजवायची. कच्ची ब्रोकोली मांसाबरोबर पॅनमध्ये टाकली की ती शिजेपर्यंत मांसाचं चामडं होतं. मोठ्या पातेल्यात खळखळतं पाणी, त्यात मीठ, आणि तुरे जेमतेम एक मिनिट. रंग पोपटी-हिरवा झळझळीत झाला की लगेच चाळणीत. गार पाण्याखाली धरा आणि मग निथळत ठेवा. ब्रोकोलीच्या तुऱ्यात पाणी फार लपून बसतं, म्हणून तुरे उलटे, देठ वर करून ठेवायचे. ‘तळाशी तपकिरी पाणी’ म्हणताय, त्यातलं निम्मं तरी इथलंच असणार. देठं फेकू नका. सालं काढून तिरके काप करा, तुऱ्यांपेक्षा मला तेच जास्त आवडतात. गाजर, ढोबळी मिरची, स्नो पीज काहीही घालता येईल, पण एका वेळी दोन भाज्यांच्या वर जाऊ नका, घरच्या पॅनला गर्दी झेपत नाही.

वोकबद्दल तुमचा प्रश्न इथे येतो. कॉइल किंवा काचेच्या शेगडीवर गोल बुडाचा वोक पूर्ण निरुपयोगी, बूड टेकतं तेवढंच तापतं. सपाट बुडाचा कार्बन स्टीलचा वोक मिळतो, तो चालेल. पण पैसे घालायचे नसतील तर १२ इंची बिडाचा पॅन या कामाला जास्त चांगला, असं मी म्हणेन. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की मांस पडल्यावर पटकन गार होत नाही, आणि अशक्त शेगडीवर हाच गुण कामाचा. मध्यमपेक्षा जरा मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं तापू द्या. नॉनस्टिक पॅन असा रिकामा तापवायचा नाही, त्याचा थर खराब होतो. तेल शेंगदाण्याचं किंवा कॅनोला. तिळाचं तेल तळायला वापरू नका, ते शेवटी वासापुरतं.

मांस दोन खेपांत टाका, जमल्यास तीन. काप एका थरात पसरा आणि हात मागे घ्या. हे ‘हात मागे घेणं’ आपल्या लोकांना फार जड जातं. आपला हात सारखा परतायला धावतो. मिनिटभर हलवायचं नाही. कानाने ऐका: चर्रर्र आवाज येतोय तोवर सगळं ठीक आहे. तो बसून रटरट सुरू झाली की समजा पाणी सुटलंय, मांस तळलं न जाता उकडतंय, म्हणजे खेप मोठी झाली. खालची बाजू तपकिरी झाली की उलटा, अर्ध्या मिनिटात काढून ताटलीत ठेवा. मधे थोडा गुलाबी रंग राहिला तरी चालेल, ते परत पॅनमध्ये जाणारच आहे.

सगळं मांस बाहेर आल्यावर आच जरा कमी करून चमचाभर तेल, त्यात तीन-चार पाकळ्या लसूण आणि बोटाच्या पेराएवढं आलं, दोन्ही बारीक चिरून. इंडियन ग्रोसरीतली आलं-लसणाची पेस्ट नको. त्यात पाणी, मीठ आणि बऱ्याचदा आंबटपणाही असतो, ती तळाला चिकटून करपते आणि सगळ्याला आपल्या रश्श्याचा वास येतो. हिरवी मिरची, व्हिनेगर, शेजवान यांनाही इथे जागा नाही. ते आपल्याकडच्या चायनीजचं जग. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात १९७५ साली नेल्सन वांग यांनी चिकन मंचुरियन केलं असं सांगतात, त्या घराण्यातलं. मला ते मनापासून आवडतं, पण बीफ अँड ब्रोकोली वेगळ्या वाटेने आलंय.

ती वाट चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातून येते. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या शोधात आणि पुढे रेल्वेच्या कामावर कॅलिफोर्नियात आलेले चिनी लोक प्रामुख्याने तिथले, त्यातही तायशान भागातले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी झाली, ती १९४३ पर्यंत टिकली. बऱ्याच धंद्यांची दारं बंद असल्याने इथे असलेल्यांतले कितीतरी जण लाँड्री आणि खानावळींकडे वळले. त्यांच्या गावाकडे गाय-लान नावाची पालेदार, किंचित कडवट भाजी बीफबरोबर परततात. इथे तिच्याऐवजी इटालियन लोकांनी रुजवलेली ब्रोकोली आली, गिऱ्हाइकाच्या जिभेसाठी सॉस वाढला, गोड झाला, घट्ट झाला. म्हणून ‘अस्सल चिनी’ कृती शोधत बसलात तर टेकआउटची चव येणार नाही. ती चव अस्सल अमेरिकन आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

तर तो सॉस. दोन मोठे चमचे ऑइस्टर सॉस, एक मोठा चमचा लाइट सोया, एक चहाचा चमचा डार्क सोया, दोन चहाचे चमचे ब्राउन शुगर, अर्धा कप बिनमिठाचा चिकन स्टॉक, पांढऱ्या मिरीची पूड चिमूटभर आणि एक मोठा चमचा कॉर्नस्टार्च. सगळं आधीच वाटीत कालवून ठेवा. ऑइस्टर सॉस हाच यातला कणा. ली कुम कीचा मी वापरतो. ही कंपनीच मुळी १८८८ साली ग्वांगदोंगमध्ये ऑइस्टर सॉसवर सुरू झाली. डार्क सोयाचं काम रंगाचं, टेकआउटचा तो काळपट-तांबूस रंग त्याच्याशिवाय येत नाही. चिनी बाटलीवर लाइट असलं म्हणजे मीठ कमी असं समजू नका, उलट तोच जास्त खारट. म्हणून वेगळं मीठ घालायचंच नाही, निदान चाखून बघेपर्यंत तरी.

वाटीतला कॉर्नस्टार्च तळाशी बसतो, तेव्हा ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळा. आलं-लसणाचा वास सुटला की सॉस ओता. आधी तो दुधट, गढूळ दिसेल. कडेने बुडबुडे यायला लागले की दहा-वीस सेकंदांत गढूळपणा जाऊन चकचकीत होतो आणि कालथ्यावरून पाण्यासारखा न पडता जाडसर धार धरतो. नेमक्या त्या वेळी मांस, ताटलीत सुटलेला रस आणि ब्रोकोली आत. अर्धा मिनिट वरखाली करा, आच बंद, अर्धा चमचा तिळाचं तेल. जास्त वेळ उकळत ठेवलंत तर घट्ट झालेला सॉस पुन्हा सैल पडतो.

भारतातून कुणी हे वाचत असेल तर: महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांचं मांस बंद आहे, म्हशीचं चालतं. ते जास्त गडद आणि चिवट असतं, म्हणून काप आणखी पातळ काढा आणि सोडा अर्धा तास ठेवा. गोव्यात ही अडचण नाही. चिकन करायचं तर मांडीचं घ्या, सोडा लावू नका, बाकी सगळं तेच.

भात साधा, पांढरा, लांब दाण्याचा. बासमती चालतो, पण त्याचा वास या सॉसशी भांडतो, जस्मिन मिळाला तर तो बघा. दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचं असेल तर भात वेगळ्या डब्यात भरा, नाहीतर तो रात्रीतून सगळा सॉस पिऊन टाकतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवा, आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने ढवळा.