केऑनिक हायड्रोजनची रुंदी हलत असेल, तर सिद्धान्ताआधी फॉइल तपासा

इंदूरच्या ज्या सदस्याने एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातील प्रकल्पाविषयी लिहिले आहे, त्यांच्या तीन तक्रारी आहेत. केऑनिक हायड्रोजनच्या (ज्यात इलेक्ट्रॉनच्या जागी केऑन हा ऋणभारित कण असतो अशा हायड्रोजन अणूच्या) वर्णपटावरून काढलेली १एस पातळीची सरक, म्हणजे प्रबळ आंतरक्रियेमुळे ती सर्वांत खालची पातळी किती हलली ते, छापील निबंधांच्या उलट चिन्हाची येते. पार्श्वभूमीचे सूत्र बदलले की रुंदी (त्या पातळीचा ऊर्जेतील पसरटपणा) कधी चारशे तर कधी नऊशे इलेक्ट्रॉन-व्होल्ट निघते. आणि शोधकाच्या चाचणीसाठी मागितलेल्या धातूच्या फॉइल (ज्यांच्या ज्ञात ऊर्जेच्या क्ष-किरण रेषांवरून शोधकाचे माप जुळवतात) खरेदी विभागाने नाकारून "एका स्रोतावर भागवा" असा शेरा मारला आहे. मार्गदर्शकांनी दुसरे सैद्धान्तिक मॉडेल वापरून पाहण्यास सांगितले, असेही ते लिहितात. पहिल्या दोन तक्रारींना उत्तरे सोपी आहेत. तिसरीने मात्र माझे जुने दुखणे पुन्हा वर काढले, म्हणून उत्तर लांबणार आहे. या मोजण्या जिथे झाल्या त्या इटलीतील फ्रास्कातीला किंवा जपानला मी काम केलेले नाही. माझा अनुभव सिलिकॉन ड्रिफ्ट शोधकांच्या (क्ष-किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणांच्या) चाचणीपुरता आहे, तेव्हा सिद्धान्ताच्या बाजूने मी जे म्हणेन ते तुमच्या मार्गदर्शकांकडून पडताळून घ्यावे.

केऑन अणूत कसा अडकतो आणि पायरी-पायरीने कसा खाली उतरतो, हे तुम्हाला माहीत आहे असे धरतो. चिन्हाचा घोळ केवळ संकेताचा आहे. प्रायोगिक निबंधांत सरक म्हणजे मोजलेली संक्रमण-ऊर्जा वजा केवळ विद्युतचुंबकीय गणिताने येणारी ऊर्जा. तुम्ही उलट वजाबाकी केली आहे. केऑनिक हायड्रोजनच्या के-आल्फा रेषेसाठी (२पी पातळीवरून १एसवर उतरताना निघणाऱ्या क्ष-किरणासाठी) विद्युतचुंबकीय मूल्य सुमारे ६.४८ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आहे आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रास्कातीच्या सिद्धार्था प्रयोगाची सरक उणे २८३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे (सांख्यिकीय त्रुटी ३६, पद्धतशीर त्रुटी ६), म्हणजे शिखर ६.२ केईव्हीच्या आसपास दिसायला हवे, आणि तुमच्या आलेखात ते तिथेच आहे. ऋण चिन्ह दिसले की केऑन आणि प्रोटॉन एकमेकांना ढकलतात असा निष्कर्ष विद्यार्थी घाईने काढतात, तो मात्र टाळावा. केऑन-प्रोटॉन उंबरठा, म्हणजे दोघांच्या वस्तुमानांची बेरीज, १४३२ एमईव्हीवर (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) आहे आणि त्याच्या खाली लॅम्डा (१४०५) हे अनुनाद, म्हणजे क्षणभर टिकणारी कण-अवस्था, बसलेले आहे. मूळ आकर्षण इतके प्रबळ आहे की त्याने उंबरठ्याखाली जवळजवळ बद्ध अवस्था तयार केली, आणि तिच्यामुळेच अणूतील पातळी वर ढकलली जाते. १९७९ ते १९८३ या काळातील तीन प्रयोगांनी चिन्ह धन दिले होते आणि ते विखुरण्याच्या प्रयोगांशी जुळत नव्हते. १९९७ साली जपानच्या केईके या प्रयोगशाळेत वायुरूप हायड्रोजन वापरून केलेल्या मोजणीने हा वाद मिटवला.

रुंदीविषयी एवढेच सांगतो की ती थोडीफार हलणारच. खुद्द सिद्धार्थाची रुंदी ५४१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून तिची सांख्यिकीय त्रुटी ८९ आहे, म्हणजे सरकेच्या त्रुटीच्या दुपटीहून अधिक. रेषेच्या लॉरेंट्झ आकाराचे लांब पाय (शिखराच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या शेपट्या) पार्श्वभूमीत विरघळतात आणि पार्श्वभूमी किंचित वाकवली की ते पाय तिच्या खात्यात जातात. पण चारशे ते नऊशे हा फरक नैसर्गिक नाही. तुम्ही के-आल्फा, के-बीटा आणि वरच्या रेषांना वेगवेगळी सरक व रुंदी दिली आहे, हे तुमच्या तक्त्यावरून दिसते. प्रबळ आंतरक्रियेचा मोजता येण्याजोगा परिणाम फक्त १एस पातळीवर होतो, म्हणून सगळ्या के-रेषांची सरक आणि रुंदी एकच ठेवावी आणि केवळ तीव्रता मोकळ्या सोडाव्यात. दुसरे असे की लक्ष्याच्या खिडकीच्या कॅप्टॉन या प्लॅस्टिकमध्ये कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन असतात, आणि त्यांतही केऑन थांबतात. केऑनिक ऑक्सिजनची ७ ते ६ रेषा (सातव्या पातळीवरून सहाव्या पातळीवर उतरतानाची) ६.० केईव्हीला येते, म्हणजे तुमच्या शिखराच्या अगदी खांद्यावर. केऑनिक नायट्रोजनची ६ ते ५ रेषा ७.६ला आणि केऑनिक कार्बनची ६ ते ५ रेषा ५.५ला. यांना पार्श्वभूमीच्या बहुपदात लोटून दिले, तर रुंदी कोणत्याही मॉडेलने स्थिर होणार नाही. सिद्धार्थाच्या गटाने ड्युटेरियमचा वर्णपट हायड्रोजनसोबतच एकत्र बसवून या रेषा बांधून घेतल्या. तुमच्या अनुकरण-संचात (सिम्युलेशनच्या विदेत) ड्युटेरियमची फाइल असेल, तर तेच करावे.

आता फॉइलविषयी. माझ्या मते या सगळ्या विद्येचा जीव सिद्धान्तात नसून ऊर्जा-मापनात आहे, आणि हे मत मी केऑनिक हीलियमच्या इतिहासावरून बनवले आहे. १९७० आणि १९८०च्या दशकांतील मोजण्यांनी हीलियम-४च्या २पी पातळीची सरक सरासरी उणे ४३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट दिली, सिद्धान्त मात्र ती जवळजवळ शून्य सांगत होता. तो मेळ बसवण्यात सिद्धान्तवाल्यांची वर्षे गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या केईकेच्या ई५७० प्रयोगाने लक्ष्याशेजारीच शुद्ध टायटॅनियम आणि निकेलच्या फॉइल ठेवल्या, त्यांच्या ४.५१ आणि ७.४८ केईव्हीच्या रेषा केऑनच्या रेषेसोबत त्याच वेळी नोंदवल्या, आणि सरक आली २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अधिक-उणे २ सांख्यिकीय व २ पद्धतशीर. नंतर जपानच्याच जे-पार्क या प्रवेगक केंद्रात अतिशीत सूक्ष्म-उष्णतामापकांनी सुमारे ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट विभेदनाने केलेली मोजणी २०२२ साली प्रसिद्ध झाली, तीही शून्याशी सुसंगत आहे. कोड्याच्या उत्तरात दोन पातळ धातूंचे तुकडे होते, हे खरेदीच्या टेबलावर कोण सांगणार?

"एका स्रोतावर भागवा" हा शेरा मीही वाचलेला आहे. किरणोत्सारी लोह-५५चा स्रोत मँगनीजच्या ५.९० आणि ६.४९ केईव्हीच्या रेषा देतो. त्यांतली दुसरी केऑनिक हायड्रोजनच्या विद्युतचुंबकीय मूल्यावर जवळजवळ बसते, त्यामुळे मोजणी चालू असताना तो स्रोत समोर ठेवता येत नाही. आणि दोन्ही रेषा इतक्या जवळ आहेत की त्यांच्यावरून ८ केईव्हीपर्यंत रेषा ओढणे म्हणजे अंदाजच. शिखराला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या रेषा हव्यात. हायड्रोजनसाठी मी टायटॅनियम आणि तांबे (८.०५ केईव्ही) घेईन. हीलियमला उपयोगी पडलेले निकेल इथे नको, कारण हायड्रोजनची सरकलेली के-बीटा ७.४च्या आसपास येते आणि निकेलची रेषा तिच्यावरच चढते.

आमच्या वेळी आमच्या खरेदी कार्यालयाने, ज्याचे नाव घेण्यात अर्थ नाही, मागणी नाकारली नाही. त्याहून वाईट केले. इंडेंटमधील (मागणीपत्रातील) शुद्धतेची अट "अनावश्यक" म्हणून खोडली आणि सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराकडून "टायटॅनियमचा पत्रा" मागवला. आला तो शल्यक्रियेच्या रोपणांसाठी वापरतात त्या जातीचा मिश्रधातू, ज्यात ॲल्युमिनियम आणि सुमारे चार टक्के व्हॅनेडियम असते. व्हॅनेडियमची के-आल्फा रेषा ४.९५ केईव्हीला आणि टायटॅनियमची के-बीटा ४.९३ला, सिलिकॉन शोधकाला हा फरक दिसत नाही, त्याला फक्त एक फुगलेले, काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट सरकलेले शिखर दिसते. सिद्धार्थाची संपूर्ण पद्धतशीर त्रुटी ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती, हे लक्षात घेतले की ती "काही" सरक किती महाग आहे ते कळेल. शिवाय अशा मिश्रधातूत लोहाचा अंश असतो आणि लोहाची रेषा ६.४० केईव्हीला, ऐन कामाच्या पट्ट्यात. प्रवर्धकाची रेषीयता बिघडली असे समजून तो उघडला गेला, दुरुस्तीला गेला, निर्दोष ठरून परत आला, आणि मधल्या काळात इंडस-२ या इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवरील मिळालेला वेळ निघून गेला. फॉइल बदलून मागितली, तेव्हा उत्तर आले की टायटॅनियम मागितले होते आणि टायटॅनियमच पुरवले आहे, सबब नस्ती बंद करण्यात येत आहे. त्याच कार्यालयात पडद्यांच्या कापडाची प्रत ठरवायला समिती बसत असे.

म्हणून सांगतो: इंडेंटमध्ये "धातूचा पत्रा" असा शब्दच येऊ देऊ नका. "क्ष-किरण ऊर्जा-मापनासाठी प्रमाण-नमुना" असे लिहा, शुद्धता ९९.९९ टक्के, जाडी आणि विश्लेषण-प्रमाणपत्राची अट तांत्रिक निकषांत घाला, आणि प्रमाणपत्राशिवाय माल स्वीकारला जाणार नाही हे वाक्य मार्गदर्शकांच्या सहीने जोडा. (हे नियम संस्थेगणिक बदलतात, तेव्हा आधी लेखा विभागातील एखाद्या भल्या माणसाला विचारून घ्यावे.) तांब्याचा पत्रा इंदूरच्या सियागंज बाजारातही मिळतो आणि पहिल्या चाचणीला तो चालून जाईल, पण पितळ नाही ना ते पाहून घ्या, जस्ताची ८.६४ची रेषा दिसली तर फसवणूक झाली असे समजा. लोह-५५चे अर्धायुष्य २.७ वर्षे असल्याने कपाटातील जुना स्रोत कदाचित निम्म्याहून कमी उरला असेल, आणि तो बाहेर काढण्यापूर्वी संस्थेच्या किरणोत्सार-सुरक्षा अधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे विसरू नये.

मॉडेल बदलण्याच्या सल्ल्याबद्दल माझा विरोध नाही, क्रमाबद्दल आहे. सरक आणि रुंदी यांवरून विखुरण-लांबी (केऑन-प्रोटॉन आंतरक्रियेची ताकद सांगणारी राशी) काढण्याचे १९५४चे डेझर आणि सहकाऱ्यांचे सूत्र तुम्ही वापरले आहे. केऑन-प्रोटॉनसाठी त्यावर समभारिक-सममितीभंगाच्या (आयसोस्पिन सममिती मोडल्यामुळे येणाऱ्या) लक्षणीय दुरुस्त्या लागतात, आणि त्या २००४ साली माइसनर, राहा आणि रुसेत्स्की यांनी दिल्या आहेत. पण रुंदीच दुपटीने हलत असताना त्या दुरुस्त्या घालून हाती काही लागणार नाही.

सध्या हाती असलेल्या टायटॅनियमवर नलिकेचा क्ष-किरण टाकून के-बीटा आणि के-आल्फा यांच्या तीव्रतांचे गुणोत्तर काढा. ते सुमारे ०.१३ असायला हवे. पातळ फॉइल असूनही ते ०.१६च्या वर गेले किंवा ५.४३ केईव्हीला लहानसा उंचवटा दिसला, तर तुमच्याकडेही व्हॅनेडियम आले आहे. तो आलेख आणि सर्व के-रेषांना एकच सरक देऊन केलेली नवी जुळवणी इथे टाकलीत, तर पार्श्वभूमीच्या बहुपदाची कोटी (डिग्री) किती ठेवावी हे आकडे पाहून सांगता येईल.