टुरेट्सचं निदान नुकतंच झालंय? आधी एवढंच करा

ताई, घाबरू नका. टुरेट्समध्ये अशा हालचाली आणि आवाज आपोआप होतात, त्यांनाच टिक्स म्हणतात. डोळे मिचकावणं, मान झटकणं, घसा खाकरणं, यातलं काहीच तुमचा लेक मुद्दाम करत नाहीये. शिंक थोडा वेळ दाबता येते पण शेवटी येतेच ना, तसंच, म्हणून तो शाळेत दिवसभर दाबून ठेवतो आणि घरी आला की सगळं एकदम बाहेर पडतं आणि लोक म्हणतात घरीच नाटकं करतो.

सुरुवातीच्या चुका म्हणाल तर,
१. सारखं टोकणं. टोकलं की टिक्स वाढतात, घरातल्या मोठ्यांनाही हे सांगा.
२. आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग अ‍ॅलर्जीवाले, मग दृष्ट काढणं. यात फार वेळ जातो. थेट लहान मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट नाहीतर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, आणि घरी काढलेला मोबाईल व्हिडिओ न्या, डॉक्टरांसमोर नेमकी टिक येतच नाही!
३. लगेच औषधासाठी हट्ट. प्रत्येकाला लागत नाही, टिक्ससाठी वर्तन थेरपी असते, तिच्याबद्दल विचारा.

खासगी परवडत नसेल तर मुंबईत केईएम, पुण्यात ससून आहे. गावाकडे असाल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, कुठे जायचं ते विचारा.

मूल आपोआप शिव्या देईल अशी भीती बहुतेकांना असते, पण ते फार थोड्या मुलांत होतं. टिक्स साधारण १० ते १२ वयात जोरात असतात, पुढे बऱ्याच जणांच्या कमी होतात. अभ्यासात लक्ष लागत नसेल किंवा तेच तेच तपासत बसत असेल तर तेही डॉक्टरांना नक्की सांगा, कधीकधी टिक्सपेक्षा त्याचाच त्रास जास्त असतो. आणि या आठवड्यातच वर्गशिक्षिकेला भेटा.