थंडीतलं टपाल

प्रश्न : काका, सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरला होऊन गेला. तरी आमच्या परभणीत सूर्य आणखीच उशिरा का उगवतोय? माझी सकाळची शाळा आहे!

उत्तर : बाळा, दिवस वाढतोय, पण संध्याकाळच्या बाजूनं. पृथ्वीचा आस कललेला, कक्षा लंबगोल. त्यामुळं सूर्याचं आणि घड्याळाचं तंतोतंत जमत नाही. आपल्याकडं सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला येतो. आणि गंमत म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच सूर्य आपल्या सर्वांत जवळ असतो. हे घरी सांगितलं, तर आमच्या सौ. म्हणाल्या, “मग अंघोळीचं पाणी त्यालाच तापवायला सांगा.”

प्रश्न : हुरडा गॅसवर भाजला तर?

उत्तर : भाजा, मला मात्र बोलावू नका. हुरडा गोवऱ्यांच्या आगटीतलाच. कणीस राखेतून काढलं की चटका सोसत तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. त्यात गूळभेंडी जातीची ज्वारी असेल, तर चटणीचीसुद्धा गरज नाही.

प्रश्न : येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, पुण्याहून पाहुणे येताहेत. पिठाचे उंडे किती करू?

उत्तर : ताई, उंड्यांचं सोडा, ताकातली आंबट आंबील दुप्पट करा. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करणारेच पुढं मडक्याजवळून हलत नाहीत.