ताम्हिणी घाटात दुपारच्या जेवणासाठी चांगलं फॅमिली रेस्टॉरंट कोणतं?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरच्या शेवटी पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला चाललाय, बरोबर आईवडील आणि दोन मुलं, आणि पनीर-चायनीज मिळणारं स्वच्छ फॅमिली रेस्टॉरंट हवंय. पनीरच हवं असेल तर पिरंगुट-पौडच्या बाजूला कुठेही थांबा, बोर्ड दिसतीलच. फक्त नुसत्या 'फॅमिली' शब्दावर जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी पुढे बार असतो आणि मागे एक खोली फॅमिलीची. पण घाटात जाऊन पनीर कशाला खायचं हे मला खरंच कळत नाही.

आम्ही चार वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर गेलो होतो. सासूबाईंची कुलदेवी विंझाई, देऊळ ताम्हिणी गावातच आहे, ओटी भरायची राहिली होती. दोन गाड्या, नऊ माणसं. पाऊस सरलेला, धबधबे बारीक झालेले पण उतारांवर सोनकी अजून पिवळीधमक, आणि खाचरांत भात कापून आडवा टाकलेला, गाडीची काच खाली केली की त्याचा वास आत यायचा. ताम्हिणी बघावी ती तेव्हाच, जुलैत नुसती गर्दी आणि धुकं. दर्शन आटपेपर्यंत दीड वाजला, मुलं भुकेने रडकुंडीला आली, भाऊजी म्हणजे माझे दीर मोबाईलवर रेटिंग बघायला गेले तर रेंजच नाही. मग म्हणे सरळ माणगावला हायवेवर जेवू, म्हणजे अजून तास-सव्वातास पोटात काही नाही.

ताम्हिणी आणि निवे या गावांच्या मध्ये एका घरासमोर पत्र्यावर खडूने लिहिलेलं, 'घरगुती जेवण मिळेल'. नाव वगैरे काही नाही. मी गाडी थांबवायला लावली. मावशी बाहेर आल्या, किती माणसं विचारलं आणि म्हणाल्या, "पाऊण तास लागंल, चालंल का?" भाऊजींचं तोंड उतरलं आणि मी मात्र तिथेच नक्की केलं की इथेच जेवायचं. माझ्या आईने महाडला अठरा वर्षं खानावळ चालवलीय. पाऊण तास लागेल असं जिथे तोंडावर सांगतात तिथे सकाळचं काही गरम करून वाढत नाहीत, एवढं मला कळतं.

मी आत चुलीपाशी जाऊन बसले. मावशी उकळत्या पाण्यात तांदळाचं पीठ घालून उकड काढत होत्या, ती परातीत घेऊन हाताला सोसेल न सोसेल अशी मळायच्या, भाकरी थापून तव्यावर टाकली की वरून ओला हात फिरवायच्या आणि उलटली की दोन मिनिटांनी काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करायच्या. टम्म फुगायची. एक भाकरी फुगेपर्यंत दुसरी थापून तयार. माझी आई अशीच करायची, मी बघतच राहिले. त्या भाकरीबरोबर पिठलं, घोसाळ्याची भाजी, लसणाची चटणी, अंगणातल्या वेलाच्या काकडीची कोशिंबीर, आणि नंतर इंद्रायणीचा भात आणि आमटी. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, दाताचा त्रास, त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. घरी अर्धी खातात. मुलांनी मुकाट्याने आमटी-भात खाल्ला, कोणी नूडल्स मागितले नाहीत.

वाढता वाढता मावशी सांगत होत्या की त्यांच्या आजेसासऱ्यांचं मूळ गाव मुळशीच्या धरणात गेलं. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच जमिनींसाठी, तरी धरण झालंच, आणि ते पाणी खाली कोकणात भिऱ्याला सोडून त्यावर मुंबईसाठी वीज तयार व्हायला लागली. आपण येताना फोटो काढतो ना, तेच पाणी.

आता मुद्दा. ताटाचे १५० प्रमाणे नऊ ताटांचे १३५० झाले. भाऊजी म्हणाले, "हजार घ्या मावशी, घरचंच तर आहे, ना भाडं ना नोकर." मावशींनी काही न बोलता हजार घेतले. मला इतका राग आला की विचारू नका. माझ्या आईला गिऱ्हाईकं हेच ऐकवायची, घरचंच तर आहे. ती पहाटे चारला उठायची, सरपण, पाणी, दळण, भांडी सगळं एकटीने, आणि त्याचे पैसे धरायचेच नाहीत का कोणी? मी मागे फिरून ३५० त्यांच्या हातात दिले आणि त्यावरून गाडीत जे भांडण सुरू झालं ते माणगावपर्यंत चाललं, अजूनही दिवाळीला जमलो की निघतं. याच भाऊजींनी गेल्या वर्षी हायवेवर एका पनीरच्या भाजीला २८० आणि वर ५ टक्के जीएसटी दिला, तिथे घासाघीस नाही केली.

तर तुम्ही असंच घर शोधा, ताम्हिणी ते निवे या पट्ट्यात. बारापर्यंत पोचून आधी ऑर्डर सांगा, मग देवळात जाऊन या, तोवर जेवण तयार होतं. रोख पैसे ठेवा, रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर मुळशीतच टॉयलेटला जाऊन घ्या, अशा घरांत उकिडवं बसायचा संडास असतो आणि तोही मागच्या अंगणात. नवरात्रात गेलात तर कोंबडी मागू नका. रविवारी गर्दी असते, नऊ माणसांचं अचानक होईलच असं नाही. आम्ही जेवलो ते घर अजून जेवण देतं का हेही बघावं लागेल, परत गेलो तेव्हा सगळे कापणीला गेले होते आणि दाराला कडी होती. म्हणून गाडीत मुलांसाठी काहीतरी असू द्या.

आणि भाऊजी, तुम्ही इथे रोज वाचता हे मला माहीत आहे. ते १३५० बरोबर होते.